कुलकर्ण्यांचं टिंब

"तुमचा प्रोग्राम कुलकर्ण्यांना घाबरतो."

कोथरूडमधल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका फोनवर हे म्हणाले तेव्हा मी हसलो. सी भाषेत पंचवीस-तीस वर्षं घासलेला माणूस हसतो तसा, म्हणजे आवाज न करता, नाकातून. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना ते फोनवरूनही ऐकू गेलं असावं, कारण ते एकदम गप्प झाले. मी समजूत घातली, "काका, प्रोग्रामला आडनाव कळत नाही हो. त्याला फक्त बाइट कळतात."

माझं हे वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं. अब्रू गेली ती त्यामुळेच.

हा प्रोग्राम सोसायट्यांची देखभाल बिलं काढतो आणि सभासदांची आडनावानुसार यादी छापतो. यादीच्या शेवटच्या रकान्यात थकबाकी असते. यादी जिन्याखालच्या फलकावर लागते आणि लोक स्वतःच्या नावाआधी समोरच्या फ्लॅटवाल्यांचं नाव शोधतात. प्रोग्राम १९९७ साली टर्बो सीमध्ये लिहिला गेला. ज्या ओळीवरून पुढचं रामायण घडलं ती ओळही तेव्हाचीच, आणि ती मीच लिहिली होती. आत्ताच सांगून टाकतो. ते शेवटपर्यंत दडवून वाचकाला धक्का देण्याइतका मी लेखक नाही.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी सी शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर. सेमिस्टर संपल्यावर हे पुस्तक जुन्या बाजारात आलं की पॉइंटरच्या प्रकरणापर्यंतची पानं मळलेली असत आणि पुढची कोरी करकरीत. प्रयोगशाळेत बोरलँडचा तो निळा पडदा. कंट्रोल एफ-नाइन दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. टर्बो सीचा स्वभाव जुन्या नातेवाइकांसारखा होता. तुम्ही नको त्या जागी, शून्य नंबरच्या पत्त्यावर काही लिहिलंत तरी तेव्हा एक शब्द बोलायचा नाही. सगळं कार्य पार पडू द्यायचा आणि प्रोग्राम संपल्यावर, मांडव उतरल्यावर, एक ओळ टाकायचा: 'नल पॉइंटर असाइनमेंट'. म्हणजे 'झालं ते झालं, पण आम्हाला लक्षात आहे.' कुठे झालं, कधी झालं, विचारायची सोय नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्यांचा आहे त्यांनी तेवढ्यात चहा घेऊन यावा. सी प्रोग्रामला तात्पुरती जागा लागली की तो 'मॅलॉक'कडे मागतो: अमुक इतके बाइट द्या. मॅलॉक देतो. काम झालं की 'फ्री' म्हणून परत करायचं. संपूर्ण व्यवहार शेजाऱ्याकडून पातेलं आणण्यासारखा, फक्त शेजारी कधी मागायला येत नाही. परत केलं नाहीत तर तो गप्प बसतो. दोनदा परत केलंत तर कधी बोंब मारतो, कधी दोन्ही वेळा मुकाट घेतो आणि मग तेच एक पातेलं दोघांना उसनं देतो.

आमच्या आईचा नियम होता की शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नाही तर चमचाभर साखर घालायची. मॅलॉक-फ्रीच्या राज्यात हा नियम तंतोतंत पाळला जातो. तुम्ही जागा परत करता तेव्हा ती कोणी धूत नाही. तुमचं त्यात जे होतं त्यातलं बरंचसं तसंच राहतं, आणि पुढचा माणूस ते भांडं नेतो तेव्हा त्याला तळाशी तुमची साखर मिळते. त्याने ती आपलीच समजून खीर केली की त्याचं बिल चुकतं. धुऊन, पुसून, कोरडं करून देणारा वेगळा माणूस आहे, त्याचं नाव कॅलॉक. त्याला थोडा जास्त वेळ लागतो म्हणून घाईतले लोक त्याच्याकडे जात नाहीत.

आणखी एक प्रकार आहे, स्टॅकवरच्या जागेचा. ही जागा मागावी लागत नाही आणि परतही करावी लागत नाही. फंक्शन सुरू झालं की मिळते, संपलं की जाते. मंगल कार्यालयासारखी. चारला हॉल सोडायचा म्हणजे सोडायचा, पावणेपाचला दुसऱ्यांची फुलं आत येतात. नवशिका प्रोग्रामर हमखास काय करतो, तर फंक्शनच्या आत एक छोटी जागा घेतो, त्यात उत्तर लिहितो आणि जाताना बाहेरच्यांच्या हातात तिचा पत्ता देतो. पत्ता बरोबर असतो. हॉलही तिथेच असतो. पाहुणे दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यावर जातात, आत कोणाचं तरी बारसं चाललेलं असतं, कोणी अडवत नाही, पंगतीत बसतात, जिलबी खातात आणि पाकिटावर 'चि. सौ. कां.' लिहून आहेर देऊन येतात. आजकाल कंपायलर या चुकीबद्दल बहुतेक वेळा ताकीद देतो. ताकिदी वाचायची आपल्याकडे पद्धत नाही, एवढीच अडचण.

असो. मूळ कुलकर्ण्यांकडे येतो.

आमच्या प्रोग्रामने दोन मोठी स्थलांतरं केली. आधी डॉसवरून लिनक्सवर. मग इस्कीवरून युनिकोडवर. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचं १९९१ चं मानक, पुण्याच्याच सी-डॅकमुळे आपल्याकडे रुळलेलं. त्यात एका चिन्हाला एक बाइट लागे. पण आमच्या बहुतेक सोसायट्यांनी नावं इंग्रजीतच भरलेली. मराठी बिलांचा हट्ट धरणारे कोथरूडचे काका एकटेच. "सभा मराठीत भांडते, मग बिल इंग्रजीत का?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. युनिकोड आलं, काकांनी सगळी नावं नव्याने मराठीत भरून घेतली, आणि आठवड्याभरात तो फोन आला.

तक्रार अशी की सभासदांची यादी काढली की तिचं शेपूट गायब. व, श, स, ह ही मंडळी यादीत येतच नाहीत. कुलकर्ण्यांची आणि देशपांड्यांची नावं काढून टाकली की यादी पूर्ण येते. मी म्हणालो बघतो, आणि अर्थातच बघितलं नाही. चार दिवसांनी मीच फोन केला तर काका म्हणाले, "आता चालतंय. मी केलं काहीतरी." सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'आता चालतंय' हे वाक्य ऐकल्यावर पुढे प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारला नाही.

दोन वर्षं सुखाची गेली. मग इतर सोसायट्यांनाही मराठीचा उमाळा आला आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सगळीकडे तेच: यादीचं शेपूट नाही. एका ठिकाणी तीन महिने फलकावर सोमण, साने, हसबनीस यांची थकबाकी दिसलीच नाही, आणि त्या तिघांनी याबद्दल तक्रार केली नाही हे मला स्वाभाविक वाटतं. सर्व्हरवर पाहिलं तर प्रोग्राम यादी छापून झाल्यावर, हिशेब संपल्यावर, उसनी भांडी परत करताना मरत होता. मरताना फाइलमध्ये उतरायचं राहिलेलं शेवटचं टोक त्याच्याबरोबर जात होतं.

बरं, मरताना काय म्हणत होता? काही सोसायट्यांत म्हणायचा, 'फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर'. काहींत म्हणायचा, 'फ्री: इनव्हॅलिड नेक्स्ट साइझ'. एक म्हणतो तुम्ही परत करताय ते भांडं आमचं नाहीच. दुसरा म्हणतो भांडं आमचंच आहे, पण शेजारच्या भांड्याचं माप बिघडलंय. दोन वेगळे संदेश म्हणजे दोन वेगळे बग, असं मी सकाळच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं. बैठकीच्या वहीत ते अजून आहे.

मी काकांची थिअरीही तपासली, अगदी वैज्ञानिक पद्धतीने. काकांच्या सोसायटीत सात कुलकर्णी आणि तीन देशपांडे. दोन वर्षं यादी बिनचूक. तेव्हा कुलकर्णी निर्दोष, हे मी लेखी दिलं.

पुढचे चार दिवस आम्ही ज्याला डीबगिंग म्हणतात ते केलं. पहिला दिवस मी प्रिंटएफ टाकण्यात घालवला. दर दहा ओळींनंतर 'इथे आलो', 'इथेही आलो', 'अजून जिवंत'. सी १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली, त्यानंतर जगात एवढी हत्यारं आली, तरी कोणत्याही प्रोग्रामरला एकटं गाठून विचारा, तो प्रिंटएफच टाकत असतो. रोग मेमरीचा असला की या उपायाचा उपयोग नाही, कारण चूक होते एका जागी आणि माणूस पडतो भलत्याच जागी. साठ्यांच्या घरात पाणी मुरतं आणि ओल येते खालच्या मजल्यावर. खालचे बिचारे प्लंबर बोलावतात आणि स्वतःचं बाथरूम फोडतात. आमचा प्रोग्राम पडत होता भांडी परत करण्याच्या ओळीवर. मी तीच ओळ चार दिवस फोडत होतो.

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी आहे, सांगलीची. तिने हाच प्रोग्राम तिच्या मॅकवर चालवला. व्यवस्थित चालला. "सर, माझ्याकडे होत नाहीये," ती म्हणाली. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ बग गेला असा नसून तो सावध झालाय असा असतो.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. साहेबांना सी येत नाही. म्हणूनच त्यांना मार्ग दिसतो. ते म्हणाले, "परत करतानाच पडतो ना? मग परत करू नका."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. वाईट गोष्ट अशी की हे बरोबर होतं. प्रोग्राम दोन सेकंद चालतो आणि संपतो. संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याचं बिऱ्हाडच उचलते, परत केलेली आणि न केलेली सगळी भांडी एकदम. आधी फक्त आमच्याकडच्या प्रतीत फ्रीची ओळ काढून पाहिली, प्रोग्राम पडायचा थांबला. साहेब विजयी मुद्रेने जेवायला गेले. मी मात्र रात्री झोपलो नाही. आपल्याकडे तात्पुरती सोय म्हणून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं तिथेच पतवंडं बघतात. 'तात्पुरतं' काढलेली ती ओळ माझ्या निवृत्तीनंतरही परत येणार नाही, हे मला दिसत होतं.

तरी साहेबांना हसू नये. फार मोठ्या लोकांनी हेच केलेलं आहे. सिमसिटी नावाचा गावं वसवायचा खेळ डॉस आणि जुन्या विंडोजवर जोरात चालायचा. त्यात चूक अशी की परत केलेली जागा तो पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजमध्ये परत केलेलं भांडं लगेच कोणी नेत नसे, तेव्हा खपून जायचं. विंडोज ९५ च्या चाचण्यांत मात्र खेळ कोसळायला लागला. मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी चूक शोधली आणि खेळ बदलायला सांगण्याऐवजी विंडोजमध्येच सोय केली: सिमसिटी चालू असेल तर परत आलेली जागा लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. ही हकीकत जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवली आहे. एका घरजावयासाठी सासरच्यांनी घराचे नियम बदलावेत तसं आहे. पण जावई खूश, गिऱ्हाईक खूश, आणि विंडोज ९५ किती खपलं ते आपल्याला माहीत आहे.

चौथ्या दिवशी त्या सांगलीच्या मुलीने एक चांगलं काम करून अनर्थ केला. म्हणजे अनर्थ करून चांगलं काम केलं. सगळ्या सोसायट्यांची माहिती स्वच्छ करताना तिला काकांच्या सोसायटीत दिसलं की काही आडनावांपुढे उगाचच पूर्णविराम पडलाय. 'कुलकर्णी.' 'देशपांडे.' बाकी कोणापुढे नाही. तिने सगळी टिंबं पुसली. मी शाबासकी दिली. संध्याकाळी काकांचा फोन.

"यादी आली नाही. टिंबं कोणी काढली?"

आता मात्र मी हसलो नाही.

काकांच्या यादीने एक फायदा झाला. दर वेळी हमखास पडणारी एक यादी हाताशी आली. काढलेली फ्रीची ओळ परत घातली आणि शेवटी मुलीनेच विचारलं, "सर, व्हॅलग्राइंड लावू या का?" तिने ते 'ग्रिंड' असं म्हटलं. मी तिला सुधारणार होतो, पण करणाऱ्यांच्या मते तोच उच्चार बरोबर आहे, म्हणून गप्प बसलो. ज्यूलियन सीवर्ड यांनी सुरू केलेलं हे हत्यार. नाव नॉर्स पुराणातलं, वीरांच्या स्वर्गाच्या दरवाजाचं. ते तुमचा प्रोग्राम थेट यंत्रावर चालू न देता स्वतःच्या नजरेखाली चालवतं, एकेक बाइट उचलला-ठेवला की नोंद करतं, आणि या सगळ्याचा मोबदला म्हणून प्रोग्राम वीस-तीस पट संथ करतं. नव्या सुनेच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवणारी सासू घरातली कामं जितकी संथ करते साधारण तितकंच.

मग ते आम्ही पहिल्याच दिवशी का लावलं नाही? कारण एकदा, फार पूर्वी, लावलं होतं. हजारो ओळींच्या तक्रारी निघाल्या. मी त्यातली पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि रक्तातली साखर मोजून घ्यायची टाळणाऱ्या माणसासारखा ती खिडकी बंद केली.

या वेळी मुलगी शेजारी होती, त्यामुळे वाचावं लागलं. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्राम पडला नाही, कारण ते मॅलॉक-फ्रीच्या जागी स्वतःची भांडीवाली बसवतं. पण चुगली मात्र केली. एक बाइट चुकीच्या जागी लिहिला. तो पत्ता चोवीस बाइटांच्या तुकड्यानंतर बरोबर शून्य बाइटांवर आहे. आणि तो तुकडा अमुक फाइलच्या अमुक ओळीवर मागितला होता. शेवटचा भाग मला फार आवडतो. आमच्याकडच्या जुन्या पितळी पातेल्यांवर नाव आणि तारीख घातलेली असते. पन्नास वर्षांनी कोणाच्याही माळ्यावर सापडलं तरी भांडं कुठल्या घरचं, कुठल्या लग्नातलं ते कळतं. व्हॅलग्राइंड दर भांड्यावर असं नाव घालतं.

त्या ओळीवर गेलो. ओळ माझी. आडनावाची तात्पुरती प्रत करण्यासाठी आडनाव जेवढं लांब तेवढी जागा मागितलेली. बस, तेवढीच.

सीमध्ये शब्द संपला हे कळण्यासाठी शेवटी एक शून्य बाइट लागतो. तो पूर्णविराम. म्हणून लांबी अधिक एक अशी जागा मागायची. रिची आणि कर्निगन यांच्या पुस्तकात जिथे शब्दाची अशी प्रत करून ठेवतात तिथे हा अधिक एक आहे, आणि बाजूला तो कशासाठी त्याची टीपही आहे. मी ते पुस्तक तीनदा वाचलंय. टीप सोडून.

मग गेली पंचवीस वर्षं हे खपलं कसं? मुलीने आणि मी कागद घेतला. आमच्या लिनक्सवरचा मॅलॉक वाण्यासारखा आहे, सुटे देत नाही. एक बाइट मागा, दहा मागा, वीस मागा, तुम्हाला वापरायला चोवीसच मिळतात. त्याहून जास्त लागले तर थेट चाळीस, मग छप्पन्न. तेव्हा कमी मागितलं तरी बहुतेकदा कडेला जागा उरते आणि पूर्णविराम तिथे आरामात बसतो. आडनाव बरोबर चोवीस बाइटांचं असेल तेव्हाच तो बाहेर पडतो. इंग्रजीत चोवीस अक्षरी आडनावाचा सभासद आमच्या एकाही सोसायटीत नाही. पण युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात. ही पद्धत १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता जेवता टेबलावरच्या कागदावर आखली. कोथरूडचा विचार तिथे कोणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही.

आठ चिन्हं म्हणजे चोवीस बाइट.

मुलीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "क, उकार, ल, क, र, पाय मोडला, ण, दीर्घ ईकार. आठ."

मी म्हटलं, "देशपांडे?"

"द, मात्रा, श, प, काना, अनुस्वार, ड, मात्रा. आठ!"

मग आम्हाला नादच लागला. पाटील पाच, सुटले. देशमुख सहा, सुटले. गायकवाड सात, थोडक्यात बचावले. सूर्यवंशी नऊ, ते थेट चाळीसच्या भांड्यात गेले. सहस्रबुद्धे अकरा, काही त्रास नाही, तिथे बुद्धी कामी आली. अडकले ते चिपळूणकर आणि मुजुमदार. पण त्यांची संख्या ती किती. खरा घात कुलकर्णी-देशपांड्यांचा. गावात पाटलाच्या शेजारी बसून दप्तर लिहिणारा कुलकर्णी, परगण्यात देशमुखाच्या शेजारी बसून हिशेब ठेवणारा देशपांडे. अधिकार गाजवणारे दोघेही आमच्या प्रोग्राममधून सहीसलामत बाहेर पडत होते, आणि पिढ्यान् पिढ्या हिशेब लिहिणाऱ्या दोघांमुळे हिशेबाची वही फाटत होती.

वही म्हणजे शब्दशः वही. मॅलॉक दर तुकड्याच्या अलीकडे त्या तुकड्याचं माप लिहून ठेवतो. कुलकर्ण्यांच्या चोवीस बाइटांना लागून पुढच्या सभासदाच्या भांड्याचं माप लिहिलेलं. कुलकर्ण्यांचा पूर्णविराम बरोबर त्या मापावर बसला आणि माप झालं शून्य. कुलकर्णी स्वतः शाबूत, शेजारी बाद. दोन संदेशांचंही कोडं सुटलं. परत आलेली एकेका मापाची पहिली सात भांडी आमचा मॅलॉक दाराशीच ठेवून घेतो, फार चौकशी करत नाही. त्यानंतरच्यांची मात्र शेजारची मापं तपासतो. परतीचा क्रम फ्लॅट नंबरचा. तेव्हा तळमजल्यावरचे कुलकर्णी निर्धास्त निघून जायचे आणि त्यांच्या पुढच्या फ्लॅटवाल्याला 'हे भांडं आमचं नाही' ऐकावं लागायचं. वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी स्वतःच पकडले जायचे. सगळ्यात शेवटच्या फ्लॅटमध्ये कुलकर्णी असतील तर काहीच नाही, त्यांच्यापुढे बिघडवायला शेजारीच नाही. आणि मुलीच्या मॅकवर सोळाच्या पटीत वाढतात, तिथे चोवीस मागणाऱ्याला बत्तीस मिळतात. तिथल्या कुलकर्ण्यांना ऐसपैस.

एवढं सगळं कागदावर आल्यावर मुलगी म्हणाली, "सर, मग ते टिंब..."

टिंब एक बाइटाचं. 'कुलकर्णी.' म्हणजे पंचवीस. पंचवीस मागितले की चोवीसचं भांडं पुरत नाही, चाळीसचं मिळतं. नावापुढे पूर्णविराम दिला की आतल्या पूर्णविरामाला जागा होते. निवृत्त बँक कारकुनाने व्हॅलग्राइंडशिवाय, सोर्स कोड न पाहता, केवळ की-बोर्डवर बोट घसरल्याने एकदा पडलेलं टिंब लक्षात ठेवून, आमच्या प्रोग्रामवर बाहेरून उपाय केला होता. ब्रूस पेरेन्स यांचं 'इलेक्ट्रिक फेन्स' नावाचं एक जुनं हत्यार आहे. रानडुकरांसाठी उसाला विजेचं कुंपण घालतात तसं ते दर भांड्याच्या कडेला अख्खं पान सोडून कुंपण घालतं. एका कुलकर्ण्याला पकडायला त्याला दोन पानं, म्हणजे ८१९२ बाइट खर्चावे लागले असते. काकांना एक पुरला.

ओळीत अधिक एक घातला. दोन चिन्हं: बेरजेचं एक आणि एकाचा आकडा. सगळ्या सोसायट्यांच्या याद्या शेवटच्या हसबनिसांपर्यंत पूर्ण आल्या. साहेबांनी विचारलं किती दिवस लागले, मी म्हटलं पाच. किती ओळी बदलल्या, मी म्हटलं एक. मग त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, फोनवर नाही. चहा झाला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मी कबूल केलं, प्रोग्राम कुलकर्ण्यांना घाबरत होता. ते नाकातून हसले नाहीत. मोठे आहेत.

"तर काका, आता टिंबाची गरज नाही. मागच्या दोन वर्षांची टिंबं तुम्ही काढून टाकू शकता."

काकांनी चष्मा काढला. "ते आता तुमच्या-माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "बिलावर टिंब आलं म्हणून पावतीवर आलं. पावतीवर आलं म्हणून शेअर सर्टिफिकेटवर आलं. आता काढायचं तर सर्वसाधारण सभेत ठराव लागेल, आणि सातही कुलकर्णी विरोधात मत देतील."

"विरोधात का?"

"साठे आणि पाटलांनी अर्ज दिलेत," काका म्हणाले, "आम्हालाही टिंब मिळावं म्हणून."